चुकण्याची मुभा

नवी वस्तु घरांत आली म्हणजे प्रथम तिच्यासाठीं जागा शोधण्यांत येते, मग तिच्यावर घालावयास आच्छादन शिवण्यांत येतें, आणि तिचा उपयोग काय हा प्रश्न सर्वांत शेवटीं निघतो. मध्यमवर्गीय घराची ही जुनी रीत आहे. शिवणाचें यंत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी या सर्वांना आमच्या घरांतून याच क्रमानें जावें लागलें. संस्था हें घराचेंच मोठें रूप असल्यामुळें शाळा-कॉलेजांत संगणक आला तेव्हांहि निराळें कांहीं घडलें नाहीं. त्याची खोली झाली, त्याला पडदे झाले, कुलूप झालें. आणि ज्या मुलांसाठीं म्हणून तो आणला तीं मुलें बहुतेक काळ त्या कुलपाच्या बाहेर उभीं राहिलीं.

आज हा विषय काढण्याचें कारण असें, कीं ज्या पिढीनें संगणकाला शाळेंत येतांना पाहिलें ती आमची पिढी आतां पन्नाशी उलटून गेली आहे. त्याचें आगमन कसें झालें, त्यापासून कोणास काय मिळालें आणि काय राहून गेलें, याचा हिशेब मांडण्यास हीच वेळ योग्य होय. शिवाय, ज्याला हल्लीं कृत्रिम बुद्धि म्हणतात तो दुसरा पाहुणा वर्गांत येऊन बसलाहि आहे. पहिल्याशीं आपण कसे वागलों हें नीट आठवलें, तर दुसऱ्याशीं वागतांना त्याचा कांहीं उपयोग होईल असें आम्हांस वाटतें.

आरंभ मुंबईपासून करूं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील कांहीं तरुण मंडळींनीं १९५० नंतर स्वतःच एक संगणक बांधावयास घेतला. आर. नरसिंहन् हे त्या मंडळींचे प्रमुख. १९५६ सालीं त्याचा छोटा नमुना चालूं झाला, १९६० सालीं पूर्ण यंत्र कामास लागलें, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. या कथेंतील सर्वांत मोलाची गोष्ट आम्हांस ही वाटते, कीं तें बांधणाऱ्या मंडळींत पूर्वीं संगणक बांधलेला एकहि माणूस नव्हता. जोडलेलें सोडवीत, सोडविलेलें पुन्हा जोडीत ते शिकले. यंत्र पुरें होईतों परदेशांत त्याहून पुढचीं यंत्रें निघालीं होतीं आणि टिफ्रॅकला थोड्याच वर्षांत विश्रांति मिळाली. परंतु तें बांधतांना तयार झालेलीं माणसें पुढें पुष्कळ काळ देशाच्या कामीं आलीं.

विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठीं म्हणून यंत्र आलें तें कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें. अमेरिकेंतील नऊ विद्यापीठें त्या संस्थेस साहाय्य करीत होतीं, आणि त्या योजनेंतून १९६३ सालीं आय. बी. एम. १६२० हा संगणक तेथें आला. त्याची एक गंमत वाचकांस सांगण्यासारखी आहे. या यंत्राला बेरीज येत नसे! बेरजेचे आणि गुणाकाराचे तक्ते त्याच्या स्मृतींत भरून ठेवावे लागत, आणि दोन अंक समोर आले म्हणजे तें तक्त्यांत पाहून उत्तर देई. पावकी, निमकी, पाउणकी घोकलेल्या आमच्या आजोबांस तें आपल्याच पंतोजींच्या छडीखालून गेल्यासारखें वाटलें असतें. तक्त्यांतील एखादा अंक बिघडला, तर तें निर्विकारपणें चुकीची बेरीज करीत राही. म्हणजे यंत्राचें उत्तर हें देववाणी नसून कोणीतरी भरलेल्या तक्त्याचा परिणाम आहे, हें ज्याला पाहावयाचें असेल त्याला तेथें पाहतां येत असे.

परंतु कानपूरचें खरें वैशिष्ट्य यंत्रांत नव्हतें, खोलीच्या दारांत होतें. इतरत्र संगणक म्हटला कीं तो चालविणारे निराळे, काम देणारे निराळे, आणि मध्यें एक खिडकी, अशी व्यवस्था असे. कानपुरास विद्यार्थ्याला आंत जाऊन स्वतःच्या हातानें आपला प्रोग्रॅम चालवितां येई. तेथें एच. के. केशवन्, व्ही. राजारामन् यांसारख्या अध्यापकांनीं संगणकाचें शिक्षण उभें केलें. राजारामन् यांचीं स्वस्त क्रमिक पुस्तकें पुढें देशभर पोहोंचलीं. ज्या गांवीं संगणक नव्हता तेथेंहि तीं पोहोंचलीं. आम्ही स्वतः फोरट्रानचीं पहिलीं अक्षरें त्यांच्याच पुस्तकांतून गिरविलीं.

त्या काळच्या खिडकीसंबंधानेंहि एक सांगितलें पाहिजे, नाहींतर तिच्यावर अन्याय होईल. १९६४ सालीं टाटा संस्थेंत सी. डी. सी. ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला, आणि देशांतील ठिकठिकाणचे संशोधक आपलें गणित घेऊन मुंबईस येऊं लागले. पदवीच्या वर्गास आम्हांस शिकविणारे एक गुरुजी त्यांपैकीं होते. भोंकें पाडलेल्या कार्डांचें खोकें मांडीवर घेऊन ते पुण्याहून डेक्कन क्वीननें निघत. एक कार्ड म्हणजे प्रोग्रॅमची एक ओळ. गठ्ठा खिडकींतून आंत द्यावयाचा आणि उत्तराच्या छापील कागदांची घडी मागाहून घ्यावयाची. पुष्कळदां त्या घडींत उत्तर नसेच. अमुक कार्डावर स्वल्पविराम राहिला आहे, एवढाच निरोप असे. एका स्वल्पविरामासाठीं पुन्हा बोरघाट! गुरुजी म्हणत, कीं त्या बोरघाटानें त्यांना स्वतःचें लिहिलेलें वाचावयास शिकविलें. पुढल्या खेपेपासून ते गाडींत बसल्या बसल्या मनांतल्या मनांत यंत्र होत, आणि ओळीमागून ओळ चालवून पाहत. खंडाळा येईपर्यंत एखादी चूक सांपडेच. तेथें चूक महाग होती खरी. पण ती त्यांची होती, शोधणारे तेच होते आणि दुरुस्त करणारेहि तेच.

याच सुमारास अमेरिकेंत महाग यंत्र आणि उघडें दार यांचा मेळ घालण्याचा एक सुंदर प्रयोग झाला. डार्टमथ कॉलेजांतील जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांस असें वाटलें, कीं वाङ्मय आणि इतिहास शिकणाऱ्या मुलांनाहि संगणक हाताळावयास मिळाला पाहिजे. त्यांनीं ‘बेसिक’ नांवाची सोपी भाषा रचली, आणि एकच यंत्र अनेकांना एकाच वेळीं वापरतां येईल अशी व्यवस्था केली. १ मे १९६४ च्या पहाटें चार वाजतां ती प्रथम चालली. ग्रंथालयांतील कपाटापाशीं जाऊन पुस्तक काढून घ्यावें, त्याला कोणाची परवानगी लागूं नये, तसाच संगणक असावा हा केमेनी यांचा आग्रह. पुस्तक काढून तें न समजतां परत ठेवण्याची सोय ज्या ग्रंथालयांत नाहीं, तें ग्रंथालय कसलें?

मात्र दार उघडें असलें तरी आंत कोणीं कोणास शिकवावयाचें, हा प्रश्न राहतोच. आणि त्याचीं दोन उत्तरें त्या दशकांत निघालीं. इलिनॉय विद्यापीठांत १९६० सालीं डोनाल्ड बिट्झर यांनीं ‘प्लेटो’ नांवाची रचना सुरूं केली. तींत यंत्र पाठ दाखवी, प्रश्न विचारी, आणि उत्तर बरोबर कीं चूक तें सांगे. हा शिक्षक थकत नसे, रागावत नसे. त्याची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. दुसरें उत्तर १९६७ सालचें. जिनीव्हास पियाजे यांच्याजवळ मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास केलेले सेमूर पॅपर्ट, आणि वॉलेस फॉयर्झीग व सिंथिया सॉलोमन यांनीं ‘लोगो’ ही भाषा मुलांसाठीं तयार केली. हिच्यांत मुलानें यंत्राला शिकवावयाचें. पुढें ती भाषा एका कासवासाठीं प्रसिद्ध झाली. पुढें जा, इतके अंश वळ, अशा आज्ञा मुलानें द्याव्या आणि कासवानें चालतांना रेघ काढावी. त्रिकोण काढावयाचा असला कीं मुलगा पुस्तकांत पढविल्याप्रमाणें साठ अंश वळावयास सांगतो. आणि त्रिकोणाऐवजीं षट्कोनाचा अर्धा भाग समोर उमटतो. आतां येथें कोणी ‘चूक’ म्हणून ओरडत नाहीं. मुलगा उठतो, जमिनीवर स्वतः चालून पाहतो, आणि आपल्याला वळावयाचें आहे तें आंतल्या साठ अंशांतून नव्हे, बाहेरच्या एकशें वीस अंशांतून, हें त्याला पायांनीं कळतें. भूमितीचा असा धडा आम्हीं तीस वर्षांत क्वचितच दिला असेल.

इतकें सर्व जगांत होऊन गेल्यावर संगणक आमच्या शाळेंत आला. १९८४ सालीं केंद्र सरकारनें ‘क्लास’ नांवाची योजना सुरूं केली, आणि देशांतील सुमारें अडीचशें शाळांत संगणक पाठविले. हीं यंत्रें इंग्लंडची. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनें तीं बी. बी. सी. च्या संगणक-साक्षरतेच्या उपक्रमासाठीं केलेलीं असल्यामुळें त्यांना बी. बी. सी. मायक्रो म्हणत. त्यांची स्मृति बत्तीस किलोबाइट. आज खिशांतील फोननें काढलेलें एक छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. तरी तें यंत्र गुणी होतें. चालूं करतांच ‘बेसिक’ भाषेची लुकलुकती खूण समोर येई, आणि न समजणारें कांहीं लिहिलें तर पडद्यावर एकच शब्द उमटे: ‘मिस्टेक’. आमच्या ओळखीची चूक पट्टीसह येत असे. ही नुसती येऊन थांबे आणि पुढच्या ओळीची वाट पाही.

आम्ही त्या वर्षीं नववींत होतों. जिल्ह्याच्या गांवची मराठी शाळा. तिला योजनेंत स्थान मिळाल्याचा सर्व गांवाला अभिमान. जुन्या चित्रकलेच्या खोलीस रंग लागला, जाड पडदे आले, जाजम आलें. यंत्रांवर घालण्यास मुलींच्या शिवणवर्गानें फुलाफुलांचीं आच्छादनें शिवलीं. दसऱ्यास झेंडूचीं फुलें वाहण्यांत आलीं. वहाणा बाहेर रांगेनें काढून, हात पुसून, वहींत सही करून आम्ही आंत जात असूं. पंधरा दिवसांतून एक तास, एका यंत्रापुढें चौघे. शास्त्राचे मास्तर चार दिवसांचें शिक्षण घेऊन आले होते, आणि यंत्राला आमच्याहून अधिक भीत होते. फळ्यावरचा प्रोग्रॅम उतरवावयाचा. ‘मिस्टेक’ उमटली कीं वेळ मोडूं नये म्हणून मास्तर स्वतः पुढें होऊन ती दुरुस्त करीत. तास संपला कीं कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणांत.

एके दिवशीं मास्तरांना कचेरींत बोलावणें आलें. पडद्यावर एकापासून दहापर्यंत आंकडे लिहिण्याचा प्रोग्रॅम होता: आंकडा लिही, त्यांत एक मिळीव, तो दहाहून मोठा झाला नसेल तर पुन्हा वर जा. आमच्या चौघांत एक मुलगी होती. मुलगे कळा दाबीत आणि ती वहींत उतरून घेई, अशी वांटणी आपोआप झालेली होती. मास्तर गेल्यावर तिनें हात पुढें केला आणि अधिकाच्या ठिकाणीं उणें घातलें. एक, शून्य, उणे एक, उणे दोन. दहाकडे पाठ करून आंकडे धांवत सुटले. यंत्र बिघडलें या भीतीनें आमची बोबडी वळली. ती मात्र टक लावून पाहत होती. “हें आतां कधींच थांबणार नाहीं,” ती हळूच म्हणाली. इतक्यांत मास्तर आले. त्यांनीं वीज बंद केली, आच्छादन घातलें, आणि उरलेला तास शिस्तीवर बोलण्यांत गेला. तिनें काय केलें होतें आणि आंकडे कां थांबेनात, हें तिला कोणींहि विचारलें नाहीं. पुढें आयुष्य गणितांत घालविल्यावर आज आम्हांस असें वाटतें, कीं त्या वर्षभरांत त्या खोलींत विचारला गेलेला गणिताचा खरा प्रश्न तेवढाच होता.

मास्तरांना अगर मुख्याध्यापकांना आम्ही दोष देत नाहीं. यंत्र परदेशचें आणि किंमती. तें बिघडलें असतें तर जाब त्यांना द्यावा लागला असता. डेडस्टॉकच्या वहींत त्या यंत्राची नोंद होती, क्रमांक होता, वर्षाकांठीं तपासणी होती. विझलेल्या प्रश्नाची नोंद करावयास अशी वही कोणत्याहि शाळेंत नसते. आधीं यंत्र पाठवावें आणि शिकविणारा मागाहून तयार होईल असें समजावें, ही त्या योजनेची उणीव होती. आणि न तयार झालेल्या शिक्षकापाशीं भीतीखेरीज देण्यासारखें दुसरें काय असणार?

पुढें यंत्रें स्वस्त झालीं आणि कुलपें गळून पडलीं. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम. एस.-सी. आय. टी. या अभ्यासक्रमानें तालुक्याच्या गांवींहि संगणकाचे वर्ग पोहोंचविले. पत्र लिहावें, कोष्टक करावें, नोकरीस उभें राहावें, एवढें बळ त्यानें असंख्य तरुण-तरुणींस दिलें, आणि तें लहान काम नव्हे. पण यंत्र वापरणें आणि यंत्राला सांगणें या दोन विद्यांपैकीं पहिलीच घरोघर गेली.

आतां तर किल्लीचा प्रश्नच उरलेला नाहीं. २०२२ च्या अखेरीपासून मागेल त्याला प्रोग्रॅम लिहून देणारें यंत्र सर्वांच्या हातीं आहे. परवां एका विद्यार्थ्यानें आमच्यापुढें साठ ओळींचा प्रोग्रॅम ठेवला. निर्दोष होता. आम्हीं एका ओळीवर बोट ठेवून विचारलें, “येथें अधिकाऐवजीं उणें घातलें तर काय होईल?” तो क्षणभर पाहत राहिला आणि अत्यंत सौजन्यानें म्हणाला, “पण सर, तसें घालावें कशाला?” मुलगा हुशार आहे, खोटें बोलणारा नाहीं; तो प्रोग्रॅम यंत्रानें लिहिला हेंहि त्यानें सांगून टाकलें. त्याला चुकण्याची वेळच आली नव्हती. आमच्या वेळीं चुकूं नये म्हणून दार बंद होतें. त्याच्यासाठीं दार सताड उघडें आहे आणि आंत त्याची चूक होण्यापूर्वींच दुरुस्त करणारा बसला आहे. दोन्हीं खोल्यांतून विद्यार्थी हात न मळतां बाहेर येतो.

आमचे एक स्नेही म्हणतात, कीं लॉगॅरिथमचीं कोष्टकें गेलीं, गणकयंत्रें आलीं, तेव्हांहि म्हातारे असेच रडले. त्यांचें म्हणणें खरें आहे. कार्डांच्या खोक्यासाठीं किंवा बोरघाटासाठीं आम्ही हळहळत नाहीं. पण गुरुजी गाडींत बसून मनांतल्या मनांत यंत्र होत, तें सामर्थ्य कोणत्या मार्गानें येणार, एवढाच आमचा प्रश्न आहे. यंत्रानें लिहिलेल्या साठ ओळींत एक ओळ चुकीची असेल, आणि कधींतरी असणारच, तेव्हां ती पाहणारा डोळा लागेल. आणि तो डोळा स्वतःच्या शंभर चुका पाहिल्याखेरीज कोणास लाभल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आम्ही ज्या कॉलेजांत शिकवितों तेथें सध्यां हाच वाद निराळ्या रूपानें उभा आहे. हातीं आलेल्या पैशांतून साठ नवीं यंत्रें घ्यावीं, कीं जुन्यांवरच भागवून प्रयोगशाळेंत दोन चांगले शिक्षक नेमावे? तेथील एक जागा तीन वर्षें रिकामी आहे. पारडें यंत्रांकडे झुकतें आहे, आणि त्याचें कारण कोणी बोलून दाखवीत नसलें तरी उघड आहे: यंत्रांचें उद्घाटन करतां येतें, शिक्षकाचें करतां येत नाहीं. आमचें मत आम्हीं सभेंत मांडलें आहे. निर्णय व्हावयाचा आहे.

तोंवर आपल्या तासापुरती आम्हीं एक रीत ठेवली आहे. आरंभीं चालणारा प्रोग्रॅम सर्वांना द्यावयाचा. प्रत्येकानें त्यांत एका ठिकाणीं मुद्दाम बिघाड करावयाचा, आणि यंत्राला हात लावण्यापूर्वीं काय घडेल तें वहींत लिहावयाचें. वहीच्या पानावर दोन रकाने असतात, एक ‘अंदाज’ आणि दुसरा ‘घडलें’. पहिल्या दिवशीं मुलें हंसलीं. चालणारी गोष्ट मोडावयास सांगणारा प्राध्यापक त्यांनीं पाहिला नव्हता. आतां दोन्ही रकाने जुळले नाहींत म्हणजे वर्गांत जो कलकलाट होतो, तो ऐकून शेजारच्या वर्गांतून तक्रार येते. ती आम्ही आनंदानें ऐकून घेतों.

वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें आज शाळेंत असतील. शाळा निवडतांना तेथें संगणक किती, असें विचारण्याचा प्रघात आहे. आमची विनंती अशी, कीं तें सोडून मुलालाच संध्याकाळीं जवळ बसवून विचारावें: आज त्या खोलींत तुझें काय चुकलें, आणि तें कोणीं दुरुस्त केलें?